सापासारखं वाद्य सापासारखं का आहे?

मुलांनो, पडद्यावर काय दिसतंय? "साप!" बरोबर. या वाद्याचं नावच सर्पेंट, म्हणजे फ्रेंच भाषेत साप. फ्रान्समधल्या ओसेर गावी १५९० च्या सुमारास एद्मे गियोम या धर्मगुरूंनी ते तयार केलं, असं परंपरेने मानतात. चर्चमध्ये पुरुष खालच्या सुरात प्रार्थना गात. त्यांच्या आवाजाला आधार म्हणून हे वाद्य वाजे.

ते वाजवतात तुतारीसारखं. ओठ मिटून फुर्र करा बघू! ओठ थरथरतात, त्यांच्याबरोबर नळीतली हवा थरथरते. आखूड नळीतून उंच सूर निघतो, लांब नळीतून खालचा. सर्पेंटची नळी साधारण आठ फूट, आपल्या घराच्या दारापेक्षाही लांब!

आता अडचण बघा. नळीला सहा भोकं, प्रत्येक हाताच्या तीन बोटांसाठी. नळी सरळ ठेवली तर हात पोहोचतील का? नाही. म्हणून ती वळवली. पण वळवल्याने सूर बदलत नाही? आम्ही बागेचा पाइप आणलाय. आधी सरळ धरून फुंकतो. आता वेटोळं करून. ऐकलंत? सूर तोच! हवेला वळणांचं फारसं काही वाटत नाही, लांबी महत्त्वाची.

मग लाकूड वाकवलं कसं? वाकवलंच नाही. बहुतेक वेळा अक्रोडाच्या लाकडाचे दोन भाग आतून कोरायचे, शिंपल्यासारखे एकमेकांवर ठेवून चिकटवायचे आणि हवा निसटू नये म्हणून वरून चामडं गुंडाळायचं.

तरी एक गोष्ट राहिलीच. भोकं जिथे सुराला हवीत तिथे नाहीत, जिथे बोटं पोहोचतात तिथे आहेत. त्यामुळे सूर सहज बेसूर होतो. वाजवणाऱ्याने तो कानाने ओळखायचा आणि ओठांनी सावरायचा. गाणारी माणसंही असंच करतात ना? म्हणून सर्पेंट त्यांच्या आवाजात छान मिसळे.

पुढे तो लष्करी बँडमध्ये गेला. बर्लिओझ या संगीतकाराने १८३० साली आपल्या मोठ्या रचनेतही तो घेतला. पण १८३५ मध्ये बर्लिनला ट्यूबा आला. त्याला झडपा होत्या. झडप दाबली की हवेची वाट लांब होते, मग बोटांनी दूरची भोकं झाकायची गरजच नाही. सूर पक्का, आवाज मोठा. हळूहळू सर्पेंट कोपऱ्यात पडला. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर मंक यांनी तो पुन्हा बनवला, वाजवला, म्हणून आज तो ऐकायला मिळतो.

तेव्हा एखादं वाद्य विचित्र दिसलं, तर हसण्याआधी विचारायचं: वाजवणाऱ्याची कोणती अडचण या आकाराने सोडवली? आता रांगेत या. पाइप प्रत्येकाला फुंकायला मिळेल!