मशीनवर ठेवलं, म्हणजे काय?

मोहफुलं गळायला लागली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली, सिंदेवाही, मूलकडची माणसं अंधारातच टोपली घेऊन निघतात. मोह अस्वलालाही आवडतो, त्यामुळे झाडाखाली दोघांची गाठ पडते. पुढे तेंदूपानांचा हंगाम येतो. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा मृत्यूची बातमी होते. जखमी होऊन जगलेल्या माणसाला मात्र गडचिरोली नाहीतर चंद्रपूरला नेतात आणि तिथून रेफर होऊन तो दीडशे किलोमीटरपलीकडे नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पोचतो. 108 च्या गाडीत त्याच्या उशाशी बसून गेलेली बायको कुणाला आठवत नाही. तिची लेकरं आजीपाशी गावात असतात आणि फोनवर चारी बाजूंनी सल्ले सुरू होतात. हे लेखन तिच्यासाठी आहे, आणि जखमी बायको आत असताना बाहेर बसलेल्या नवऱ्यासाठीही.

पहिलं वाक्य बहुतेक हेच कानावर पडतं: “मशीनवर ठेवलं, म्हणजे आता काही राहिलं नाही.” खरं तर व्हेंटिलेटर फुप्फुसांत हवा पोचवतो, एवढंच त्याचं काम. जबडा फाटला, फासळ्या मोडल्या किंवा मोठं ऑपरेशन झालं की काही दिवस श्वासाचा भार मशीन उचलते. धोका असतोच, पण मशीनवरून उतरून घरी गेलेले रोगी पुष्कळ आहेत. घशातली नळी सहन व्हावी म्हणून झोपेचं औषध चालू असतं. डोळे मिटलेले दिसतात ते अनेकदा त्या औषधामुळे. “वाचेल का?” याचं नेमकं उत्तर पहिल्या दिवसांत डॉक्टरांकडेही नसतं. त्याऐवजी रोज विचारावं: श्वास स्वतः किती घेतात? बीपीचं औषध वाढलं की कमी झालं? लघवी होते का? कालच्यापेक्षा आज काय बदललं? घरातल्या एकानेच विचारावं आणि वहीत लिहून ठेवावं. सहा जणांनी सहा वेळा विचारलं की गावात सहा वेगळ्या बातम्या पोचतात.

आणखी एक गोष्ट विचारायचीच. कुत्र्याच्या चाव्यानेच रेबीज होतो असं पुष्कळांना वाटतं. वाघ, बिबट, अस्वल यांच्या चाव्यानंतरही रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं इंजेक्शन लागतं. धनुर्वाताचंही लागतं. रेफरच्या धावपळीत राहून गेलं का, ते कागदावर पाहावं.

चार-पाच दिवसांनी बायको आत जाते आणि हादरते. नवऱ्याची मनगटं पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधलेली. तो तिला ओळखत नाही, छताकडे पाहून घाबरतो, धडपडतो. बाहेर कुणीतरी म्हणतंच, “बाहेरचं काही लागलं, पुजाऱ्याला दाखवा.” याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांत हा भ्रम फार सर्रास आढळतो. जंतुसंसर्ग, झोपेची औषधं, दिवसरात्र जळणारे दिवे, मोडलेली झोप यांतून मेंदू गोंधळतो. तो वेड नाही, बाधाही नाही, आणि बहुतेकांचा ओसरतो. हात बांधतात ते घशातली नळी ओढून काढू नये म्हणून. इथे बायकोचा आवाज कामाचा. “मी आली जी, आज मंगळवार आहे, आपण नागपूरला दवाखान्यात आहोत,” एवढं शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावं. चष्मा असेल तर सिस्टरना विचारून लावावा. शुद्धीत नाही तर बोलून काय उपयोग, हाही गैरसमजच. झोपेच्या औषधाखालीही काही आवाज, काही स्पर्श पोचतात, हे बरे झालेल्या रोग्यांनी सांगितलं आहे.

आता लेकरांचं. सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि प्रेमापोटी होते. “लहान आहेत, काही सांगू नका. बाबा गावाला गेले म्हणा.” पण गावात काही लपत नाही. बोअरिंगवर, अंगणवाडीच्या दारात, शाळेच्या वाटेवर मोठी माणसं तेच बोलत असतात. ‘तुझ्या बापाला अस्वलानं फाडलं’ हे चार वर्षांच्या पोराला दुसऱ्या पोराकडून कळतं. मग ते घरच्यांना विचारत नाही, कारण घरचे खोटं बोलतात हे त्याला कळलेलं असतं. तीन ते सहा वर्षांच्या लेकराच्या मनात आणखी एक विचार येतो, जो मोठ्यांच्या डोक्यातही येत नाही: मी हट्ट केला, बाबा रागावून गेले, म्हणून असं झालं. ते हा विचार बोलून दाखवत नाही. अंथरूण ओलं करतं, जेवत नाही, आजीला सोडत नाही.

त्याला खरं सांगावं, थोडक्यात. “अस्वलामुळे बाबांना लागलं. खूप लागलं. नागपूरचे डॉक्टर औषध देत आहेत. तुझ्यामुळे झालं नाही. तुला आजी जेवू घालेल, शाळेत मावशी नेईल.” ‘झोपले आहेत’ म्हणू नये, लेकरू झोपायलाच घाबरतं. ‘नक्की बरे होतील’ हे वचनही देऊ नये. “बाबा कवा येतीन?” याला “मला माहीत नाही, कळलं की सगळ्यात आधी तुला सांगीन” हे पुरेसं उत्तर आहे. आईचा फोन रोज ठरल्या वेळी यावा, रात्रीच्या जेवणाआधी म्हणा, दोन मिनिटांचा का असेना. लेकरांनी काढलेलं चित्र पलंगापाशी लावता येतं, सिस्टर बहुतेक नाही म्हणत नाहीत. व्हिडिओ कॉल करायचा तर आधी सांगावं: तोंडात नळी आहे, चेहऱ्यावर पट्टी आहे, बाबा बोलू शकणार नाहीत. लेकरू नको म्हणालं तर आग्रह करू नये. प्रत्यक्ष भेट बऱ्याच ठिकाणी लहानांना देत नाहीत, पण तयारी करून नेलेल्या लेकराला भेटीने इजाच होते ही समजूत खरी नाही. विचारून पाहावं.

पैशाबद्दल थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची राहिलेली नाही. आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, पहिल्याच दिवशी आधार आणि रेशन कार्ड घेऊन त्याला गाठावं. चौकशीचा नंबर 155388. वनविभागाची मदत फक्त मृत्यूवर मिळते हेही चूक. 2023 च्या शासन निर्णयाप्रमाणे गंभीर जखमेला 5 लाख आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख आहेत. त्यासाठी वनपालाला लगेच कळवावं, पंचनामा करून घ्यावा आणि दवाखान्याचा प्रत्येक कागद जपावा. हे काम भावाने, दिराने, शेजाऱ्याने करावं. दाराबाहेर बसलेल्या बाईवर तेही टाकू नये. तिने दोन वेळा जेवावं, दिवसाआड कुणीतरी बदलीला यावं. उपास धरल्याने नवऱ्याची जखम लवकर भरत नाही.

आणि सुट्टी झाली की सगळे म्हणतात, “आणलं घरी, झालं.” लंडनच्या 2013 च्या एका अभ्यासात आयसीयूतल्या रोग्यांच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांत सुमारे 18 टक्के घटलेला आढळला. म्हणून घरी आलेला धडधाकट गडी संडासापर्यंत चालताना भिंत धरतो. आवाज बसलेला असतो, रात्री दचकून उठतो, लहानशा गोष्टीवर चिडतो. हा आळस नाही, स्वभावही बदललेला नाही. आजाराचाच हा मागे उरलेला भाग आहे, आणि तो महिनोन्‌महिने चालतो. व्यायाम शिकवलेला असेल तो रोज करून घ्यावा. डाळ, अंडी, मासे जे परवडेल ते ताटात जास्त वाढावं. महिनाभरानंतरही झोप लागत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगावं.

अस्वलाच्या हल्ल्यात चेहरा बदलतो. पहिल्या दिवशी लेकरू बाबांकडे जात नाही, आजीच्या लुगड्याआड उभं राहतं. त्याला ओढून मांडीवर बसवू नये. बाबांनी खाटेवर बसून त्याला नेहमीच्या नावाने हाक मारावी. आवाज तोच असतो, जरा घोगरा. लेकरू आज दारापर्यंत येईल, उद्या खाटेच्या पायापर्यंत.