भिंतीला टेकलेली सायकल बाहेर काढा

मानव विकास कार्यक्रमातून लेकीला शाळेसाठी मिळालेली सायकल बारावीनंतर अनेक घरांत भिंतीला टेकून गंजते. तेल घाला, हवा भरा, बाहेर काढा. डोंगरात फिरायला गिअरचीच सायकल लागते असे नाही.

प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस सायकल चालवली की हिशेब पूर्ण. रक्तदाब, साखर आटोक्यात राहायला मदत होते. भार सीटवर असल्याने गुडघ्यांना त्रास कमी.

बीडकरांनी सुरुवात बिंदुसरेच्या खोऱ्यातल्या सपाट रस्त्याने करावी. दम वाढला की बालाघाटाच्या डोंगरात नायगाव मयूर अभयारण्याकडे किंवा कपिलधारला जावे. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याला विचारा. महामार्गावर कडेने चाला. चढ जड गेला तर उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. हेल्मेट, पाणी, पंप सोबत हवाच. छातीत दुखले तर लगेच थांबा, दवाखाना गाठा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, खिशात गूळ ठेवावा.

आईला शिकायचे असेल, तर लेकीने मागून सीट धरावी.