पुण्याचा क्लब हैदराबादला का गेला?

सोलापूरहून बालेवाडीला सामना बघायला जायचं म्हणजे सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची आणि परतीला मध्यरात्रीनंतर पुण्यात येणाऱ्या सिद्धेश्वरची वाट बघायची. मी शाळेत खेळ शिकवतो. आमच्या जिल्ह्यात मोठा फुटबॉल क्लब नाही, म्हणून २०१४ साली इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी उतरला तेव्हा माझ्या पोरांनी तोच आपला मानला. २०१९ मध्ये तो बंद पडला. का, हे त्यांनी मला तेव्हा विचारलं आणि अजूनही विचारतात.

मैदानावर तो हरला म्हणून बंद पडला, असं नाही. २०१७-१८चा त्याचा हंगाम सगळ्यात चांगला होता. रान्को पोपोविच प्रशिक्षक, पुढे मार्सेलिनो आणि आल्फारो ही जोडी. साखळीत संघ चौथा आला आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. तिथे बंगळुरूने पुण्यात ०-० असं रोखलं आणि आपल्या घरी ३-१ने हरवलं. तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. अशा हंगामानंतर प्रशिक्षकाला धरून ठेवायचं असतं. पुढच्या हंगामात पोपोविच नव्हते. मिगेल आंखेल पोर्तुगाल आले आणि पहिल्या काही सामन्यांतच गेले. मग प्रद्युम्न रेड्डींनी हंगामी जबाबदारी घेतली, मग फिल ब्राउन. कोलोंबा, डेव्हिड प्लॅट आणि हबास त्याआधीच येऊन गेले होते. पाच हंगामांत सात माणसं! प्रत्येकाची खेळण्याची पद्धत वेगळी, त्याला हवे असलेले खेळाडू वेगळे. आधीच्याने जमवलेला संघ नव्याच्या गळ्यात पडतो, आणि मोडून पुन्हा बांधण्यात पैसा जातो.

पैसा नावांवरही गेला. त्रेझेगे, मुटू ही युरोपात गाजलेली माणसं पुण्यात आली, पण कारकीर्द उतरणीला लागल्यावर. २०१६ साली आइसलँडच्या गुडजॉनसनला मोठ्या गाजावाजाने आणलं. हंगाम सुरू होण्याआधीच तो जखमी झाला आणि त्याच्या जागी सिसोको आणावा लागला. तेव्हाची लीग केवढी छोटी होती बघा: साखळीचे १४ सामने जेमतेम नऊ आठवड्यांत. मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि खेळाडू तीन आठवडे बाहेर बसला, तर चार-पाच सामने, म्हणजे एक तृतीयांश हंगाम गेला. म्हणून बाकावर बसलेला बारावा, तेरावा खेळाडू आणि चांगला फिजिओ यांच्यावर खर्च करावा, असं मी ठामपणे म्हणतो. पोस्टरवर त्यांचे फोटो येत नाहीत, पण गुण तेच वाचवतात.

क्लब मात्र मुळातून हलला तो मालकामुळे. पुणे सिटी वाधवान समूहाचा. २०१८-१९ मध्ये त्यांची डीएचएफएल ही वित्तसंस्था अडचणीत आली आणि क्लबचा श्वास कोंडला. त्याआधी पिरामल समूहाचा पुणे एफसी, २०१२-१३च्या आय-लीगचा उपविजेता, २०१५ मध्ये मिटला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकाच हंगामाचा धनी ठरला. डीएसके शिवाजियन्सही पुढे बंद पडला. लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा बंद पडलेला पाहिलेल्या सोलापूरकराला हे वेगळं समजवावं लागत नाही: मालकाचा हिशेब दुसरीकडे बिघडतो आणि कुलूप इथे लागतं.

पुणे सिटीची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पहिल्या हंगामाच्या सुरुवातीला ब्राउनच प्रशिक्षक. जखमी आणि निलंबित खेळाडूंमुळे संघ सुरुवातीपासून अपुरा, पहिल्याच सामन्यात कोलकात्याकडून ५-० असा मार, आणि शेवटी तळाचं स्थान. मग मानोलो मार्केझ आले. पहिल्या वर्षी बाद फेरी थोडक्यात हुकली, तरी क्लबने त्यांना ठेवलं. २० मार्च २०२२ला फातोर्ड्यात केरळला पेनल्टींवर हरवून हैदराबादने लीग जिंकली. त्या हंगामात कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, याचा आम्हाला फार आनंद झाला. आणि २०२३-२४ मध्ये? मानोलो गेलेले, पगार थकलेले, परदेशी खेळाडू हंगामाच्या मध्यात निघून गेलेले. २२ सामन्यांत एक विजय. २०२४ मध्ये क्लब जिंदाल समूहाने घेतला, आणि २०२५ मध्ये तो स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला.

कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तालीम मंडळं मात्र पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. मालक पेठ आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच येते. हा आधार पुण्याच्या एकाही क्लबला मिळाला नाही, आणि तो विकत घेता येत नाही. पण त्या पेठेतल्या पोराचा गुडघा गेला, की शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिन्यांचा व्यायाम, तोवरचा घरखर्च हे सगळं कोण बघणार? पेठेचा आधार आणि व्यावसायिक क्लबची वैद्यकीय सोय एकाच ठिकाणी असलेला क्लब महाराष्ट्रात मला अजून बघायचा आहे. तसा निघाला, तर माझ्या शाळेतल्या पोरांना मी स्वतः तिथे घेऊन जाईन.