फुकटाचे मोल

शिरूर अनंतपाळच्या बाजारात एखाद्या बड्या अडत्याने उद्यापासून अडत माफ केली, तर सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी त्याला दुवाच देईल. शेजारच्या नव्या अडत्याला मात्र दुकानास कुलूप लावावे लागेल. त्यानंतर अडत पुन्हा सुरू होऊन चढू लागली, तर शेतकऱ्याने जावे कोठे? स्पर्धा कायद्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, आणि तो मुंबईच्या शेअर बाजारालाही विचारला गेला आहे.

ऑगस्ट २००८ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने चलनाचे वायदे सुरू केले आणि त्यांवरील शुल्क माफ ठेवले. ऑक्टोबरमध्ये एमसीएक्स स्टॉक एक्स्चेंज या क्षेत्रात उतरले. चलनाचे वायदे हाच त्याचा व्यवसाय असल्याने दुसरीकडील नफ्यातून तोटा भरून काढण्याची त्याला सोय नव्हती. राष्ट्रीय बाजाराला मात्र शेअर्सच्या व्यवहारांतून भरघोस उत्पन्न होते. अखेर २००९ मध्ये हे गाऱ्हाणे स्पर्धा आयोगापुढे गेले.

२००२ च्या स्पर्धा कायद्यानुसार मोठे असणे हा गुन्हा नाही. मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा आहे. २३ जून २०११ रोजी आयोगाने बहुमताने असा गैरवापर झाल्याचा निर्णय देऊन ५५.५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दोन सदस्यांचे मत विरुद्ध पडले. तक्रारदाराचा व्यवहारातील वाटा नगण्य नव्हता, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु वाटा मिळूनही पदरात काही पडत नसेल, तर प्रतिस्पर्ध्याने तग धरावा किती दिवस? ऑगस्ट २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणानेही निर्णय कायम ठेवला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

हा दोन धनिकांमधील तंटा आहे, असे समजून शिक्षकाने वा कारकुनाने स्वस्थ बसणे योग्य नव्हे. २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीचाही काही अंश शेअर बाजारात गुंतविला जात आहे. शिवाय शेअर बाजाराचा स्वभावच असा, की जेथे गर्दी तेथेच आणखी गर्दी होते. एकदा प्रतिस्पर्धी उठून गेला, की नवा उभा राहणे दुरापास्त. म्हणूनच फुकट मिळणाऱ्या सेवेचीही चौकशी वेळीच, दुसरे दुकान उघडे असतानाच व्हावयास हवी. दुकान बंद पडल्यावर मिळालेला न्याय कागदावरच राहतो.