परसातील माग-खोली आणि फळ्यांचा हिशेब

शहापूरच्या जुन्या गल्ल्यांतून जो कोणी हिंडला असेल, त्याला तेथील घरांची ठेवण ठाऊक असेलच. रस्त्याकडे तोंड बेताचे. पण आत शिरावे तो सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी अशी घराची लांबी संपता संपत नाही, आणि शेवटी एकदाचे परसू लागते. इकडे त्यास परडे म्हणतात. हे गाव विणकरांचे. १९४८ साली सांगली संस्थान विलीन होईपर्यंत ते त्या संस्थानात मोडत असे, आणि शहापुरी साडीचे नाव तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आयाबहिणींना सांगावयास नको. कित्येकांच्या परसात माग-खोली असे. पुढे यंत्रमाग आले, मुले शिकून नोकऱ्यांस लागली, आणि अनेक खोल्यांत जळाऊ लाकडे व मोडक्या सायकली येऊन बसल्या.

अशीच एक खोली आमच्या परिचयाच्या एका वृद्ध चित्रकला-शिक्षकांच्या घरी आहे. गावात सारेच त्यांना मास्तर म्हणतात. आम्हीही तसेच म्हणतो. लांबी बारा फूट, रुंदी आठ फूट, वर मंगलोरी कौले, उत्तरेस एक खिडकी, आणि मधोमध खड्डामागाचा तो खड्डा, ज्यात पाय सोडून त्यांचे वडील पावड्या दाबीत असत. या खोलीत आपली चित्रशाळा करावयाची असे मास्तरांनी गेल्या उन्हाळ्यात ठरविले. कारण साधे होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात जो पूर आला, त्यात पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवलेली त्यांची जलरंगातील अर्ध्याअधिक चित्रे लगदा होऊन गेली. उरली ती चारशेच्या आसपास. ती तरी आपल्या डोळ्यांदेखत नीट राहावीत, एवढीच त्यांची इच्छा.

फळ्या कोठे व किती लावाव्यात याचा सल्ला आम्हांस विचारण्यात आला. आमच्या सल्ल्याची योग्यता काय म्हणाल, तर आम्ही एकदा सपशेल फसलो आहोत, एवढीच. पूर्वीच्या एका धर्मग्रामात आम्ही वाचनालयासाठी सहा फूट लांबीची एकसंध फळी दोन टोकांवर टेकवून बसविली होती. दिसावयास मोठी ऐटबाज! वर्षभरात ती पाळण्यासारखी खाली झुकली, आणि एके रात्री संतचरित्रांसह भूमीवर आली. सुताराने तेव्हाच बजावले होते, “फादर, मधी एक ठोकळा पायजे बगा.” आम्ही शिकलेले; ऐकतो कशाला?

त्यातला हिशेब आम्ही नंतर शिकलो, तो वाचकांच्याही उपयोगी पडेल. एक फूट फळीवर पुस्तके दाटीने उभी केली तर त्यांचे वजन सुमारे नऊ-दहा किलो भरते. म्हणजे सहा फुटांच्या फळीवर एक प्रौढ मनुष्य कायमचा निजविल्यासारखे झाले. फळी दुप्पट जाड घेतली तर तिचा झोक आठव्या हिश्शावर येतो. परंतु दोन आधारांतील अंतर निम्मे केले, तर तोच झोक सोळाव्या हिश्शावर येतो. जाडीला दुप्पट पैसे पडतात. मधला ठोकळा काही रुपयांत होतो. पाऊण इंची प्लायवूडला तीन फुटांपलीकडे निराधार सोडू नये, असे आम्ही आता ज्याला त्याला सांगत सुटलो आहोत.

मास्तरांचा पहिला बेत चारही भिंतींस जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या ठोकण्याचा होता. आम्ही म्हटले, “मास्तर, फळ्या मागाहून. आधी खोलीत काय काय राहणार ते सगळे अंगणात मांडा.” दोन दिवस ते मांडणे चालले होते. मुलगी पुण्याहून आली होती, ती एकेक वस्तू उचलून विचारी, “बाबा, हे शेवटचं कधी वापरलंत?” आणि मास्तर गप्प बसत. वाळलेल्या रंगांच्या नळ्याच टोपलीभर निघाल्या. पण त्या पसाऱ्यामुळेच एक गोष्ट ध्यानी आली, ती अशी की मास्तरांच्या सामानात उभे ठेवण्याजोगे थोडे आणि आडवे ठेवण्याजोगे फार. चित्राचा पूर्ण कागद बावीस इंच रुंद व तीस इंच लांब असतो. एक फूट खोल फळीवर तो मावत नाही. गुंडाळला तर रंगाला चिरा पडतात. उभा केला तर पावसाळी हवेत कमान टाकतो.

येथे आम्हांस आमच्या वस्त्रागाराचा दाखला सुचला. देवळात मिस्साविधीची जी वस्त्रे असतात, ती जुन्या काळापासून रुंद व उथळ खणांत पसरून ठेवीत आले आहेत. जरीचे काम घडीवर तुटते, म्हणून घडी कमी आणि खण रुंद. मास्तरांना घेऊन आम्ही तो लाकडी ठेवा दाखविला. त्यांनी खण ओढून पाहिला, आत हात फिरविला, आणि म्हणाले, “हेच हवं, फादर.” मग माप ठरले: आतून चोवीस इंच खोल, बत्तीस इंच रुंद, आणि उंची अवघी अडीच इंच. खण खोल केला की माणूस त्यात रास घालतो, आणि तळचा कागद ओढताना वरचे दहा चुरगळतात. जाड कागद शंभर झाले की त्यांचे ओझेच पावणेतेरा किलोच्या घरात जाते. चारशे चित्रांना चार खण, आणि दोन रिकामे. कारण मास्तर अजून चित्रे काढतात. हे सहा खण खिडकीखालच्या टेबलाच्या पोटातच बसविले, म्हणजे चालावयाची जागा अडली नाही.

भिंतींच्या बाबतीत मात्र थोडा वाद झाला. जागा लहान म्हणून प्रत्येक वीत भरून काढावी, असा मोह सर्वांनाच होतो. आठ फूट रुंदीत दोन्ही अंगांस फूटभर फळ्या लावल्या की मधे सहा फूट उरतात. त्यात चित्रफलक उभा राहिला की मनुष्याने चार पावले मागे सरून चित्र पाहावे कोठे? इंग्लंडमध्ये बर्नार्ड शॉ या नाटककाराची बागेतली लेखनाची झोपडी जेमतेम आठ फूट औरस-चौरस होती, आणि ती फिरत्या पायावर बसविली असल्याने सूर्याकडे वळविता येई. परंतु लेखकाला मागे सरावे लागत नाही; चित्रकाराला लागते. म्हणून पूर्वेच्या भिंतीस फळ्या आणि पश्चिमेची भिंत मोकळी, तीवर केवळ खुंट्या, असे ठरले. आपल्या आज्यांच्या घरी कपाटे कितीशी होती? कोनाडा, फडताळ, खुंटी आणि शिंके यांवर त्यांचे भागत असे.

कंबरेपासून डोळ्यांपर्यंतच्या फळ्या रोजच्या वस्तूंना, त्याखाली जड डबे, आणि वर वर्षातून एकदा लागणारे. हे कोणतीही गृहिणी जाणते. बेळगावच्या हवेचे मात्र वेगळे आहे. येथे वर्षाला सुमारे बाराशे ते तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. भिंती आतून ओल धरतात. म्हणून फळ्या भिंतीस चिकटवू नयेत, दोन इंच फट ठेवावी. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान फूटभर वर असावी. फट असली म्हणजे हवा खेळते, आणि वाळवीची मातीची नळी भिंतीवर चढू लागली तर वेळीच दिसते. बंद कपाटाच्या पाठीमागे ती सहा महिने दिसत नाही.

उत्तरेच्या खिडकीविषयी मास्तरांस अभिमान होता, की तिच्यातून ऊन येत नाही. ते बहुतांशी खरे. परंतु आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्यदेखील उत्तरेकडे झुकतो. तेव्हा तेवढ्यापुरता एक जाड पडदा हवाच.

एका गोष्टीसाठी मात्र आम्ही हट्ट धरला. मास्तर तैलरंगही वापरतात आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या एका कोपऱ्यात कोंबून ठेवीत. हे तेल वाळते ते हवेतला प्राणवायू शोषून, आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. चिंध्यांचा बोळा असला की ती उष्णता बाहेर पडत नाही, आणि काडी न लावता तो पेट घेऊ शकतो. मुलीला प्रथम ही आमची अतिशयोक्ती वाटली. अखेर दाराबाहेर, कौलांच्या वळचणीपलीकडे, झाकणाचा पत्र्याचा डबा पाणी घालून ठेवला. ओल्या चिंध्या त्यातच. टर्पेंटाइनची बाटलीही खालच्या फळीवर, रंगांपासून दूर.

राहिला खड्डा. मुलीचे म्हणणे, तो मुरूम घालून बुजवावा. मास्तरांचे म्हणणे, त्यावर झाकण करून आत जुनी स्केचबुके ठेवावीत. जागा आयतीच आहे. आम्ही दोघांच्याही विरुद्ध बोललो. ओलीच्या दिवसांत जमिनीखालची जागा ही तिजोरी नव्हे, विहीर होय. पण बुजविण्याचा शब्द निघाला की मास्तरांचा चेहरा असा होई, की पुढे बोलवत नसे. वडिलांचे पाय चाळीस वर्षे त्या खड्ड्यात गेले होते. आमचा हिशेब तेथे खुंटला. शेवटी सुतारानेच तोड काढली: वर सागवानी फळ्यांचे उचलते झाकण, फळ्यांत बोटभर फटी, आणि आत काहीही नाही. “असूदे की ओ मोकळा,” तो म्हणाला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो, तेव्हा तीन दिवस झड लागली होती. मास्तरांनी झाकण उचलून दाखविले. तळाशी चार बोटे पाणी होते. स्केचबुके वरच्या फळीवर होती. मास्तर बादलीने पाणी उपसू लागले, आणि आम्ही छत्री धरून दारात उभे राहिलो.