नित्यकर्मातील पावित्र्य

मलप्रभेच्या काठी वसलेल्या खानापूरचे नाव तेथील मातीमुळे दूरवर पोचले. कौले, विटा आणि माठ यांचा हा तालुका. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्थाही याच गावी उभी राहिली. कुंभाराचे काम जवळून पाहणाऱ्याच्या एक गोष्ट चटकन ध्यानात येते. माती चाकावर असते ती काही क्षणच. त्याआधी ती भिजवावी, तुडवावी, खडे वेचून मळावी लागते. आणि आकार दिल्यावरही तिला सावलीत हळूहळू सुकू द्यावे लागते. घाईने उन्हात ठेवलेले मडके तडकते. त्यानंतर आव्याची धग सोसायची ती वेगळीच. बाजारात गिऱ्हाईक माठाला टिचकी मारून नाद ऐकते, तेव्हा ते या साऱ्या दिवसांची परीक्षाच घेत असते.

माणसाच्या अंगी पावित्र्य येते तेही याच चालीने. यिर्मया संदेष्ट्याला परमेश्वराने कुंभाराच्या घरी पाठविल्याची कथा बायबलात आहे. चाकावर बिघडलेले भांडे कुंभार फेकून देत नाही, त्याच मातीचे दुसरे घडवितो, हे त्या संदेष्ट्याने तेथे पाहिले. आपल्याकडे गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटणे हाती घेऊन कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पारखले, आणि खुद्द नामदेवांना कच्चे ठरविले, ही आख्यायिका घरोघरी ठाऊक आहे. दोन्ही कथांचे मर्म एकच. भक्तीचा गवगवा कितीही असो, माणूस भाजून निघाला आहे की नाही हे निराळेच पाहावे लागते.

खानापूर, नंदगड, लोंढा या परिसरात कॅथलिक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. कोणाचे पूर्वज गोव्याहून घाट चढून आले, कोणी रेल्वेच्या नोकरीमुळे लोंढ्यास स्थायिक झाले. पूर्वी गोव्याच्या धर्मप्रांताशी निगडित असलेल्या या मुलखासाठी १९५३ साली बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. घरात कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जातो. पण या दिवसाला बांधणारा एक जुना धागाही आहे. सकाळ, दुपार आणि सायंकाळ अशा तीन वेळच्या घंटा, जेवणाआधीची प्रार्थना, रविवारची मिस्सा, शुक्रवारचा उपवास, उपासकाळातील क्रुसाची वाट आणि दिवेलागणीला सारे घर एकत्र बसून म्हणावयाची तेर्स, अर्थात जपमाळ. शेजारच्या घरी शुभंकरोति चालते तीच ही वेळ. दोन उंबरठ्यांमध्ये अंगणाचे अंतर असेल. सांजेला देवापुढे बसण्याची शिस्त मात्र एकाच मातीतली आहे.

असे असूनही संत म्हटला की सामान्य भाविकाच्या डोळ्यांपुढे येते ती चर्चच्या कोनाड्यातील मूर्ती. संतपण हे मठवासीयांचे, चमत्कार करणाऱ्यांचे, आपल्यासारख्या संसारी माणसाचे नव्हे, अशी समजूत आपण सोयीस्करपणे करून घेतली आहे. सोयीस्कर अशासाठी, की संत दूर ठेवला म्हणजे त्याला हार घातला की भागते. त्याच्यासारखे वागावे लागत नाही.

खुद्द चर्चने ही समजूत कधीच खोडून काढली आहे. फ्रान्सिस द सेल्स या बिशपांनी १६०९ साली लिहिलेला भक्तिजीवनाचा ग्रंथ प्रपंचात राहणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठीच होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी चर्चविषयीचा जो दस्तऐवज जाहीर केला, त्याचे पाचवे प्रकरणच पावित्र्याच्या सार्वत्रिक पाचारणाला वाहिलेले आहे. धर्मगुरू असो वा गवंडी, प्रत्येकाला हाक एकच आहे आणि प्रत्येकाने ती आपापल्या जागी राहून ऐकावयाची आहे. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर पत्र लिहिले आणि शेजारच्या दारी राहणाऱ्या संतांची आठवण जगाला करून दिली. मुलांना मायेने वाढविणारे आईबाप आणि घर चालविण्यासाठी राबणारी माणसे त्यांच्या दृष्टीने याच मालिकेतली होती.

तत्त्व समजावयास उदाहरण हवे. आणि ते घाटाखालीच सापडते. १६५१ साली बाणावली येथे जन्मलेले फादर जुझे वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत उतरले ते मजुराच्या वेषात. तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. कँडीच्या राजाने त्यांना हेर समजून कैदेत टाकले. त्यांनी तमिळ व सिंहली भाषा आत्मसात केल्या, रानावनातून पायपीट केली, आणि १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक आजाऱ्यांना टाकून पळत असताना हा माणूस त्यांच्या जखमा धूत राहिला. १७११ साली तेथेच त्यांचा देह पडला. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद मिळाले ते तीन शतकांनंतर; पण त्या साथीत ज्यांची शुश्रूषा झाली त्यांना घोषणेची वाट पाहावी लागली नाही.

फादर आग्नेल यांचे जीवन तर याहूनही साधे. १८६९ साली हणजूण येथे जन्मलेल्या या धर्मगुरूंनी आयुष्याची अखेरची वर्षे राशोलच्या सेमिनरीत विद्यार्थ्यांना आध्यात्मिक मार्गदर्शन करण्यात घालविली. १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले. राज्य जिंकले नाही की संस्था उभारली नाही. ऐकून घेणे, धीर देणे, प्रार्थना करणे हेच त्यांचे काम. १९८६ साली चर्चने त्यांना संतपदाच्या वाटेवरील ‘वंदनीय’ ही पदवी दिली. पिलार येथील त्यांच्या समाधीपाशी आज सर्व धर्मांचे लोक नतमस्तक होतात.

याच राशोलमध्ये १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रथम छापले गेले. येशूची कथा मराठीत सांगताना त्यांनी छंद निवडला तो ओवीचा. आपल्या आयाबाया जात्यावर दळताना गातात तीही ओवीच. श्रमाचा आणि प्रार्थनेचा ताल एकच असू शकतो, हे परदेशातून आलेल्या त्या मिशनऱ्याने ओळखले. आपण मात्र जाते बंद झाल्याबरोबर ती ओळखही विसरलो काय, असा प्रश्न पडतो.

कारण आजचे चित्र वेगळे आहे. गावाच्या फेस्ताला बँड, रोषणाई आणि फटाके यांना तोटा नसतो. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तेर्सेच्या वेळी घरात टीव्हीचा वा मोबाइलचाच आवाज. मुले नोकरीसाठी गोव्यात, पुण्याला, आखाती देशांत गेली; कित्येक घरांत माळेचा पहिला अर्धा भाग म्हणणारी आजी आणि उत्तर देणारीही तीच. फेस्ताच्या खर्चाला कर्ज निघते आणि कौलाच्या भट्टीवरील मजुराची मजुरी मात्र पुढल्या आठवड्यावर जाते. शेजारी बसून मिस्सा ऐकणारे दोन भाऊ बांधावरच्या एका झाडासाठी वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. सीमाभागात भाषेचा वाद पेटतो तेव्हा काल ज्याच्याकडून मीठ मागून आणले त्याचेच दार परके वाटू लागते. आपल्या भाषेसाठी न्याय मागणे वेगळे आणि शेजाऱ्याचा द्वेष करणे वेगळे. हा भेद ज्याला रोज पाळता येतो त्याची प्रार्थना खरी. आणि हे दोष एका धर्माच्या माथी मारण्याचे कारण नाही. चतुर्थीच्या आरासाला हजारो रुपये आणि म्हाताऱ्या बापाच्या औषधाला टाळाटाळ, हे दृश्य आमच्या हिंदू घरांनाही अपरिचित नाही.

यावर उपाय मोठे नाहीत. कॅथलिक परंपरेत निजण्यापूर्वी दिवसाचा हिशेब घेण्याची रीत आहे. आज कोणाला दुखावले, कोणाचे देणे थकविले, कोठे खोटे बोललो, हे स्वतःला विचारावयाचे आणि उद्याचा एक निश्चय करावयाचा. या पाच मिनिटांस पैसा लागत नाही. पापनिवेदन हा संस्कारही याच हिशेबाचा पुढचा टप्पा होय. बिघडलेले मडके पुन्हा चाकावर ठेवण्याची ती सोय आहे. फेस्ताआधी मजुराची बाकी फेडणे, उपासकाळ संपण्यापूर्वी एका तरी अबोल्याचा शेवट करणे, दूरच्या मुलाने सायंकाळी घरी फोन लावून आजीच्या माळेला उत्तर देणे. एवढे घडले तरी त्या वर्षी गावात पावित्र्य वाढले असे म्हणता येईल. लिझ्यूच्या मठात राहिलेल्या संत तेरेझांना अवघे चोवीस वर्षांचे आयुष्य लाभले. लहान कामे मोठ्या प्रेमाने करण्याच्या त्यांच्या छोट्या वाटेला जगाने मान दिला आणि १९९७ साली चर्चने त्यांना धर्मपंडितांच्या पंक्तीत बसविले. ही वाट खानापुरातूनही जाते.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते तेव्हा ती एक बारीकशी धार असते. संतपणाचेही तसेच. ते रोजच्या घरी, रोजच्या माणसांत, कोणाच्या नजरेस न येता सुरू होते. आव्यातून निघालेल्या मडक्याची परीक्षा नादाने होते. माणसाची होते ती त्याच्या सहवासात शेजाऱ्याला मिळणाऱ्या थंडाव्याने. आज दिवेलागणीला घंटा वाजेल तेव्हा आपले मडके कितपत भाजले गेले आहे, हे ज्याने त्याने स्वतःच टिचकी मारून पाहावे.