अंगठ्याला मानवेल ती कात्री

आज आपण शिवणाच्या कात्रीबद्दल बोलू. तिच्या धारेबद्दल नाही, तर अंगठा घालायच्या भोकाबद्दल. ऐकून हसू येईल. पण दिवसभर कापड कापणाऱ्या बाईचा अंगठा संध्याकाळी भाकरी थापताना का ठणकतो, याचं उत्तर पुष्कळदा त्या भोकातच असतं.

2024 साली सरकारी शाळांचे गणवेश शिवायचं काम माविममार्फत राज्यातल्या बचत गटांकडे आलं होतं. असं मोठं काम आलं की कात्री दिवसातून शेकडो वेळा उघडते आणि मिटते. गटाची कात्री एक आणि अंगठे सात! आम्ही इतवारीतून कात्री आणली तेव्हा धार पाहिली, किंमत पाहिली, पण भोकात अंगठा घालून पाहिला तो एकीनंच. तिचा अंगठा बारीक, तिला कात्री छान बसली. जाड अंगठ्याच्या दोघींना पंधरा दिवसांत घट्टे पडले. एकीच्या अंगठ्याला तर मुंग्या येऊ लागल्या.

असं का होतं? अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी, कातडीच्या अगदी खालून, बारीक नसा जातात. कात्रीची कडक कड तिथंच घासत राहिली की अंगठा बधिर होतो.

मोठ्या शहरांत बोलिंग नावाचा एक खेळ असतो. क्रिकेटमधली बोलिंग नव्हे. सव्वासात किलोपर्यंतचा जड गोळा जमिनीवरून घरंगळत सोडायचा आणि समोरच्या बाटलीसारख्या खुंट्या पाडायच्या. गोळ्याला तीन भोकं असतात, एक अंगठ्याचं आणि दोन बोटांची. नेहमी खेळणारे लोक ही भोकं स्वतःच्या मापानं पाडून घेतात. अंगठा सुजला की आतली पट्टी काढतात, बारीक झाला की पुन्हा लावतात. भोक चुकीचं असेल तर नस घासून जाड होते. डॉक्टरांनी त्या दुखण्याला ‘बोलर्स थंब’ असं नावच दिलं आहे. खेळणारे एवढी काळजी घेतात, मग पोटासाठी कात्री चालवणाऱ्या आपण का घेऊ नये?

कात्री घ्यायला जाल तेव्हा गटातली सर्वांत जाड अंगठ्याची बाई सोबत न्या. धातूच्या दांड्याचं भोक मागाहून मोठं करता येत नाही, लहान मात्र करता येतं. मेरठच्या कात्र्यांना 2013 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण नाव कितीही मोठं असो, आपल्या हाताला बसली तरच ती आपली.

शक्यतो दुपारी जा. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात हात सुजतात. सकाळी सैल वाटलेलं भोक दुपारी आवळतं. अंगठा घालून कात्री दहा वेळा उघडमीट करा. अंगठा सहज आत-बाहेर व्हायला हवा, पण कात्री हातात डगमगता कामा नये. कड सांध्यावर बसत असेल तर ती कात्री ठेवून द्या. डावखुऱ्या बाईसाठी डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते. उजव्या हाताची कात्री डाव्या हातानं चालवली की पाती एकमेकींपासून दूर जातात आणि अंगठ्याला उगाच जोर लावावा लागतो.

मग बारीक अंगठ्याच्या बायांनी काय करायचं? जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी भोकाच्या कडेला गुंडाळून टाका घाला. सुती कापड घाम टिपतं. सायकलच्या ट्यूबचं रबर टिकतं, पण उन्हाळ्यात त्याखाली घाम साचतो. पट्टी चिकटवू नका. ज्या बाईची पाळी, तिची पट्टी. आमच्याकडे आता प्रत्येकीची पट्टी वेगळ्या रंगाची आहे.

कात्रीला वेळेवर धार लावा, स्क्रूवर तेलाचा थेंब सोडा, एका वेळी फार थर कापू नका. बोथट कात्रीचा सगळा भार अंगठ्यावर येतो. अंगठा बधिर वाटला तर काम दुसरीकडे द्या. आठ-पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर आरोग्य केंद्रात दाखवा.

कात्री बिघडली तर दुसरी आणता येते. अंगठा कोणत्याच दुकानात मिळत नाही. पुढच्या बैठकीत सगळ्या जणी आपल्या गटाच्या कात्रीत एकदा अंगठा घालून पाहा.